चाळीस पिवळ्या चादरी

"किती राहिले?" आत्याने विचारलं.

"एकच." बारक्याने हेल्मेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आत्याने ते उचलून खुर्चीखाली सरकवलं. गेले दोन महिने हे रोज असंच चाललं होतं आणि दोघांपैकी कोणीही माघार घ्यायला तयार नव्हतं. "दोनशे आठ पत्रे लावून झाले. शेवटचा चार वाजता. तो बसला की आमचं काम संपलं."

भात वाढणारा सुनेचा हात मध्येच थांबला, आणि मग त्याने बारक्याच्या ताटात जरा जास्तच भात टाकला. बारक्या हे नाव त्याला जन्मतःच मिळालं होतं, दीड किलोचा होता म्हणून. आता शेहेचाळीसाव्या वर्षी त्यामागे नव्वद किलोचा फोरमन उभा होता, पण घरात नाव बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

"मीठ कमी आहे," अण्णा म्हणाले.

मिठाची बरणी त्यांच्या पुढ्यातच होती. सुनेने ती आणखी दोन बोटं पुढे सरकवली.

पत्रे म्हणजे महामार्गाच्या पुलावर, कठड्याला लावून उभे करायचे, आवाज आणि धूर अडवणारे चार मीटर उंचीचे राखाडी पत्रे. ते या घराच्या बाजूने लागत होते, आणि ते लागावेत म्हणून जो अर्ज गेला होता त्यावर पहिली सही अण्णांची होती. नुसती सही नव्हे, खाली त्यांच्या लाँड्रीचा शिक्काही. अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. पूल सुरू झाल्यापासून गच्चीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरी संध्याकाळपर्यंत करड्या व्हायच्या. इस्पितळाच्या चादरी दोन-दोनदा धुवाव्या लागायच्या. पन्नास वर्षं ज्या माणसाने पांढऱ्याचा पांढरा राखला त्याला हे कसं सोसवणार? त्यांनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, कचेरीत चकरा मारल्या, साहेबाच्या टेबलावर काळवंडलेली उशीची खोळ नेऊन पसरली. शेवटी मंजुरी आली, तेव्हा सगळ्या गल्लीने अण्णांना शाबासकी दिली.

पत्रे लागायला लागले, आणि अण्णांच्या लक्षात आलं की आपण काय मागून घेतलंय.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते गच्चीवर जायचे, त्यांची लाकडी खुर्ची तिथे होती, आणि ती खुर्ची रोज थोडी थोडी डावीकडे सरकत होती. जिथून अजून पत्र्याच्या पुढची फट दिसेल तिथे. सुरुवातीला ती पाण्याच्या टाकीपाशी असायची. आता गच्चीच्या पार कोपऱ्यात, कठड्याला टेकली होती. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. विचारायची छाती कोणाची झाली नव्हती.

"मी म्हणते, एक फोन करायला काय जातं?" आत्या म्हणाली.

बारक्याने घास तसाच हातात धरला. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. या विषयावर आत्या नेहमी आपल्या भावाच्या बाजूने असायची. गेली एकोणीस वर्षं या घरात ताईचा विषय निघाला की आत्या आणि अण्णा एका बाजूला, बारक्या दुसऱ्या बाजूला, आणि सून कुठेच नाही, अशी मांडणी ठरलेली होती.

"कोणाला फोन?" अण्णांनी विचारलं.

"मुख्यमंत्र्यांना. अरे, कोणाला म्हणून काय विचारतोस! तुझ्या मुलीला. बारक्याकडे नंबर आहे. आहे ना रे?"

बारक्याचा चेहरा पडला. ताईशी तो अधूनमधून बोलतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी ते उघड म्हणत नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "सकाळीच बोललो. आज शेवटचा पत्रा म्हणून सांगितलं तिला."

"काय म्हणाली?" हे सुनेने विचारलं.

"म्हणाली, बरं. दुपारी मी घरीच आहे म्हणाली."

अण्णांनी ताट पुढे ढकललं. "तिची आई दोन दिवस वाटेकडे डोळे लावून पडली होती. पिवळी चादर दोन दिवस वर होती. नदीपलीकडून दिसत होती. आली नाही ती. आता मी फोन करू? तिला वाटलं तर तिने करावा."

"तिने एकोणीस वर्षं रोज निळी लावली, अण्णा," बारक्या हळूच म्हणाला.

"लावू दे. माझी दोरी नाही ती."

*

नदीच्या दोन्ही काठांना दोन गावं. या गावचे लोक त्यांना 'पलीकडचे' म्हणत आणि ते लोक यांना 'पलीकडचे' म्हणत, आणि दोघांच्याही त्या शब्दात थोडा तिरस्कार आणि थोडी उत्सुकता असायची. जायला लाँच होती, पंधरा मिनिटांची. ताईने पलीकडच्या लाँचवरच्या मेकॅनिकशी लग्न केलं तेव्हा अण्णांनी वर्षभर तिचं नाव घेतलं नाही, घरात फोन असूनही तो उचलू दिला नाही. तेव्हा तिच्या आईने ही युक्ती काढली. लाँड्रीची गच्ची पलीकडून दिसते, पलीकडची बाल्कनी इथून दिसते. शेवटच्या दोरीवर निळी चादर असली म्हणजे सगळं ठीक. पिवळी म्हणजे ये, तुझी गरज आहे. आणि पिवळी पाहून समोरच्याने आपली दोरी रिकामी केली की समजायचं, निघाली. अण्णांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आपल्याला कळलंय हे त्यांनी पुढे सात वर्षं दाखवलं नाही, हा अण्णांचा स्वभाव.

मग तिची आई आजारी पडली. दोन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी लाँचवरच्या कोणाकडून तरी ताईला कळलं. धावत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णांनी दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "चादर दिसली नाही?"

बाहेरून तिने विचारलं होतं, "कुठली?"

अण्णांना ते उलट उत्तर वाटलं. दाराच्या आत उभ्या असलेल्या नव्या सुनेला मात्र काहीच कळलं नाही. तिला चार महिने झाले होते या घरात. तिला वाटलं, ही माणसं चादरींवरून काय भांडतायत.

आता एकोणीस वर्षांनी तीच सून वाढणं सोडून टेबलापाशी उभी होती.

"अण्णा, मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "आज नाही सांगितलं तर मग सांगून उपयोग नाही."

"अगं, काय झालं?" बारक्या म्हणाला.

"तुम्ही नका बोलू मध्ये. तुम्ही तेव्हा धरणाच्या कामावर होतात." ती अण्णांकडेच पाहत राहिली. "आई आजारी पडल्या त्या दिवशी तुम्ही खालून मला ओरडून सांगितलंत, शेवटच्या दोरीवर पिवळी लाव. मी लावली. का लावायची ते मला कोणी सांगितलं नव्हतं. नवी होते, विचारलं नाही."

"मग? लावलीस ना?"

"लावली. पण त्याच आठवड्यात ते नवीन हॉटेल उघडलं होतं, धक्क्याजवळ. महिन्याभरात बंद पडलं ते. तुम्ही आईंजवळ बसलेले होतात. त्यांची गाडी आली तेव्हा काम मीच घेतलं. माझं पहिलं गिऱ्हाईक. मला इतका आनंद झाला होता, तुम्हाला नंतर सांगीन म्हणून गप्प राहिले." तिने भाताचा चमचा खाली ठेवला. "त्यांच्या चादरी पिवळ्या होत्या. चाळीस. दोन्ही दिवस. सगळ्या गच्चीवर मीच वाळत घातल्या."

आत्याने तोंडावर हात ठेवला.

अण्णांनी धंद्यातला माणूस विचारतो तसं विचारलं, "कुठल्या दोऱ्यांवर?"

"सगळ्या. आठही."

"शेवटच्या पण?"

"शेवटच्या दोरीवर आपली एक आणि त्यांच्या चार."

"मग दिसणार नाही," अण्णा म्हणाले. "पलीकडून सगळी गच्चीच पिवळी दिसणार. तिला वाटणार, लाँड्रीला मोठं काम मिळालं." त्यांनी टेबलावर बोटाने एक रेघ ओढली, मग दुसरी, जणू दोऱ्या मोजत होते. "कुठली, म्हणाली होती. बरोबर विचारत होती ती."

"मला चादरींचा अर्थ आत्यांनी सहा वर्षांपूर्वी सांगितला. तेव्हा कळलं. आणि तेव्हापासून तोंड उघडायचं धाडस नाही झालं. रोज ठरवायचे, उद्या सांगीन." आता ती रडत होती, आणि रडताना तिने टेबलावर सांडलेली शितं गोळा केली. तिला दुसरं काही सुचेना. "तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा मला."

अण्णा उठले. सुनेच्या खांद्यापर्यंत त्यांनी हात नेला, तिथे तो ठेवायचा की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही, आणि तो तसाच परत आला.

"तू गिऱ्हाईक घेतलंस. त्यात काय चुकलं?" ते म्हणाले. "वर जाऊन बघायला मी चार जिने चढलो नाही."

आणि आता ते जिना चढू लागले.

*

आत्या त्यांच्या मागोमाग गेली. शहात्तराव्या वर्षी चार मजले चढणं तिला झेपत नव्हतं, पण प्रत्येक मजल्यावर थांबून तिने जिन्याला नावं ठेवली आणि पोचली. गच्चीवर इस्पितळाच्या पन्नासएक चादरी वाळत होत्या. पाच वाजता इस्पितळाची गाडी यायची होती. दोऱ्यांच्या मधून वाकत वाकत ती कोपऱ्यात आली. अण्णा खुर्चीत बसले होते. समोर, जवळजवळ त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, पूल होता. राखाडी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये दाराएवढी फट. फटीतून ट्रक जाताना दिसत, आणि दोन ट्रकांच्या मध्ये, खूप पलीकडे, एका इमारतीची बाल्कनी. तिथे निळा ठिपका होता.

हा पूल यायचा होता तेव्हा दोन्ही गावांना वाटलं होतं की आता चार मिनिटांत इकडून तिकडे. प्रत्यक्षात तो एका मोठ्या शहरातून निघून दुसऱ्या मोठ्या शहराकडे चालला होता आणि या दोन गावांना त्याने वरून पाहिलं फक्त. चढायला रस्ता बावीस किलोमीटरवर. उतरायला तेवढाच दुसरीकडे. वर आणखी, पूल झाला म्हणून लाँच बंद केली. पंधरा मिनिटांवरचं गाव सव्वा तासावर गेलं.

"जीव जाईल माझा एक दिवस या जिन्यावर," आत्या म्हणाली आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "काय करणार आहेस?"

"काय करू, अक्का?"

अण्णांनी असा प्रश्न तिला आयुष्यात विचारला नव्हता. ती घाबरलीच.

"मी तेव्हा म्हटलं होतं तुला," ती म्हणाली. "माणूस पाठव लाँचने. कपडे पोचवणारा जाईल म्हटलं. तू म्हणालास, चादर लावलीय, तिला डोळे आहेत. आणि नंतर मी तुझीच री ओढत बसले. तू एकटा पडशील म्हणून. मूर्ख बाई मी."

"तिचा नवरा गेला तेव्हा तिने पिवळी लावली होती," अण्णा म्हणाले. "तीन दिवस."

"ठाऊक आहे."

"मी गेलो नाही."

"गेला होतास," आत्या म्हणाली.

अण्णांनी वळून पाहिलं.

"धक्क्यापर्यंत गेला होतास. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तिकीट काढलंस. मी भाजी घेऊन येत होते, पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. लाँच लागली, माणसं चढली, तू रांगेत होतास. तुझी पाळी आली आणि तू मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलंस. मग त्याच्या मागच्याला. मग लाँच गेली." आत्याने पदराने नव्हे, जवळच लटकत असलेल्या इस्पितळाच्या चादरीच्या कडेने डोळे पुसले आणि मग ती कड कसून झटकली. "मी कोणाला बोलले नाही. बारक्यालासुद्धा नाही."

"आता मी बोलावलं तर ती का येईल?"

"मला काय ठाऊक? मी तिच्या जागी असते तर आले नसते. मी फार वाईट आहे. ती तुझ्या बायकोवर गेलीय."

अण्णा हसले नाहीत, पण त्यांच्या तोंडाच्या कडा हलल्या. फटीतून एक पेट्रोलचा टँकर गेला, त्यामागे एक बस, आणि मग निळा ठिपका पुन्हा दिसला. त्यांना आठवलं, ती लहान असताना या गच्चीवर चिमटे द्यायला उभी राहायची. दोन चिमटे तोंडात धरून बोलायची आणि काय बोलते ते फक्त त्यांना कळायचं. एवढी आठवण त्यांनी कितीतरी वर्षांत येऊ दिली नव्हती. आता ती आली तेव्हा ते तिला अडवायच्या भानगडीत पडले नाहीत. मला ती हवीय, असं ते मनातल्या मनात स्पष्ट म्हणाले. शब्द सोपे होते. एकोणीस वर्षं का लागली, हे त्यांना समजेना.

"फोन मला जमणार नाही," ते म्हणाले. "आवाज ऐकला तर मी ठेवून देईन."

"मग?"

अण्णा उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडले. लाँड्रीत, जिथे पिळायचं यंत्र धडधडत होतं, तिथपर्यंत पोचेल असा आवाज त्यांनी लावला.

"सूनबाई! वर या. टोपल्या घेऊन. सगळ्या. कपाटातली पिवळी आणा, ती आपली, कड शिवलेली."

सून धावत वर आली. तिच्या मागे इस्त्रीवाल्या दोघी आल्या.

"चादरी काढा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ओल्या आहेत अजून. पाच वाजता गाडी..."

"ओल्याच काढा. आज गाडी रिकामी परत जाईल. इस्पितळाला मी सांगतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सगळ्या दोऱ्या मोकळ्या पाहिजेत मला. एक खोळसुद्धा नको."

सून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने पहिला चिमटा काढला.

*

खांबालगतच्या कामगारांच्या शिडीने पुलावर चढलेल्या बारक्याला दोन्हीकडचं दिसत होतं. सगळ्या कुटुंबात असा तो एकटाच. डावीकडे खाली स्वतःच्या घराची गच्ची, उजवीकडे दूर ताईची बाल्कनी, आणि मधून वाहनं धावणारी. एक मार्गिका त्यांनी शंकू लावून बंद केली होती. शेवटचा पत्रा क्रेनच्या साखळीला बांधून तयार होता.

चारला पाच मिनिटं कमी असताना त्याने गच्चीकडे पाहिलं आणि त्याला काय चाललंय तेच कळेना. चादरी उतरत होत्या. एका दोरीवरची संपली की दुसरी. त्याची बायको पळत होती. आत्यासुद्धा चिमटे गोळा करत होती, म्हणजे निदान हाताने हवेत काहीतरी करत होती. पांढरी गच्ची तुकड्यातुकड्याने सिमेंटच्या रंगाची होत गेली.

मग त्याला कळलं.

"फोरमन, घेऊ का वर?" क्रेनवाल्याने विचारलं.

"थांब. वारा आहे."

क्रेनवाल्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. कठड्याला बांधलेली वाऱ्याची फीत मुडद्यासारखी लोंबत होती. "कुठेय?"

"मला लागतोय."

साइट इंजिनिअर आला. तरुण होता, चांगला होता, आणि त्याला पाचला मार्गिका उघडायची होती. त्याने यंत्र हातात धरून वारा मोजला. "शून्य पूर्णांक आठ. एवढ्यात तर टिश्यू पेपर उडत नाही."

"झुळूक येते मध्येच, साहेब. पत्रा फिरला तर कोणाच्या डोक्यात जाईल. दहा मिनिटं बघू."

इंजिनिअरने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. गच्चीवर एक म्हातारा माणूस शेवटच्या दोरीवर काहीतरी पसरत होता. पिवळं. हात वर जात होते, पुरत नव्हते, पुन्हा जात होते. कोणीतरी मदतीला पुढे झालं, त्याने ते हटवलं. चादर सरळ झाली. रिकाम्या गच्चीवर ती एकटीच.

"ते तुमचं घर का?" इंजिनिअरने विचारलं.

"हो."

"पंधरा मिनिटं," इंजिनिअर म्हणाला. "वारा आहे म्हणून लिहितो मी."

बारक्या उजवीकडे वळला. बाल्कनीत ताई उभी होती. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण कमरेवर हात ठेवून उभं राहायची पद्धत तिची होती. ती दुपारी घरी आहे म्हणाली होती. कदाचित सकाळपासून तिथेच असेल. तिला दिसलं असणारच. तिच्यासमोर निळी चादर होती आणि ती हलत नव्हती. ये, ताई, असं तो मनात म्हणाला. खिशातला फोन त्याने दोनदा काढला आणि ठेवला. हे त्याने मध्ये पडायचं काम नव्हतं. हे त्या दोघांचं होतं.

पाच मिनिटं. दहा. ताई तशीच उभी. मग ती आत गेली.

आत गेली आणि निळी चादर दोरीवरच राहिली.

"फोरमन," क्रेनवाला म्हणाला. या वेळी त्याचा आवाज मऊ होता.

पंधरा झाली होती. सोळाही. इंजिनिअर घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. बारक्याने हात वर केला. साखळी ताणली गेली. पत्रा उचलला गेला, फिरला, खाचेत आला. बारक्याने स्वतः त्याला हात लावून सरळ केलं. शेवटची वीतभर फट राहिली तेव्हा त्याला गच्चीवर अण्णा दिसले, कठड्याला दोन्ही हात टेकून पुढे वाकलेले. मग राखाडी पत्रा खाचेत बसला आणि ते दिसेनासे झाले.

*

गच्चीच्या समोर आता एकसंध भिंत होती. गाड्यांचा आवाज खरंच कमी झाला होता, अर्जात मागितला होता तसा.

"आत गेली," अण्णा म्हणाले. "मी पाहिलं. निळी तशीच ठेवून आत गेली."

"पाणी प्यायला गेली असेल," आत्या म्हणाली.

"अक्का, मी लहान नाही."

इस्त्रीवाल्या दोघी ओल्या टोपल्या घेऊन गुपचूप जिन्याकडे वळल्या. अण्णा पिवळी चादर उतरवायला लागले. पहिला चिमटा काढला. दुसऱ्याला हात लावला, तेव्हा खाली लाँड्रीतला फोन वाजला. मग थांबला. मग सुनेच्या खिशातला वाजला.

"यांचाच," ती म्हणाली, कानाला लावला, ऐकलं, आणि फोन अण्णांच्या पुढे धरला. अण्णांनी मागे सरकून हात झटकला. तिने तो तसाच धरून ठेवला. या घरात आल्यापासून तिने पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

अण्णांनी फोन घेतला.

बारक्याचा आवाज येत होता, मागे ट्रक. "अण्णा? अण्णा, ऐकताय? बाहेर आली ती. पर्स खांद्याला. चिमटे काढलेच नाहीत तिने, चादर तशीच ओढली. चिमटे उडून नदीत पडले असतील. अण्णा, दोरी रिकामी आहे."

अण्णांनी फोन कानाला लावूनच ठेवला. बारक्या दोनदा हॅलो म्हणाला.

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "हेल्मेट टेबलावर ठेवू नकोस आज."

सुटलेला चिमटा त्यांनी चादरीला परत लावला. मग सुनेला म्हणाले की खाली जा, चहा टाका, खोली आवरा, आणि इस्पितळाच्या चादरी पुन्हा यंत्रात घाला. आत्याला म्हणाले की तू इथेच बस, जिना आता एकदाच उतर. स्वतः त्यांनी खुर्ची कोपऱ्यातून उचलली आणि गच्चीच्या मध्ये, जिथून रस्त्याचं वळणही दिसतं आणि पूलही, तिथे आणून ठेवली.

बावीस किलोमीटर चढायला, मग हा पूल, मग उतरून परत. सव्वा तास. ती पुलावरून जाईल तेव्हा घराच्या अगदी समोरून जाईल, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या जवळून, आणि दिसणार नाही. पत्र्यामागून गाड्या येत होत्या, जात होत्या. आवाजावरून ट्रक कळत होता, बस कळत होती. लहान गाड्या सगळ्या सारख्याच.

"बस की रे," आत्या म्हणाली. "एवढ्यात कुठली यायला."

अण्णा बसले. पत्र्यामागून एक लहान गाडी गेली, आणि ते पुन्हा उभे राहिले. मग दुसरी गेली. तिलाही ते उभे राहिले.